नहूम वाचून झाला आणि आई म्हणाली, "परत वाच"

समई:

प्रश्न लांबलाय, पण थोडक्यात विचारला तर माझी अडचण कळणार नाही.

काचबिंदूने आईची नजर गेली त्याला आता अडीच वर्षं होतील. तेव्हापासून रोज रात्री जेवणं आटोपली की मी तिला पवित्र शास्त्रातला, म्हणजे बायबलातला, एक अध्याय वाचून दाखवते. क्रम तिनेच ठरवलाय. उत्पत्तीपासून सुरुवात, मधलं काही गाळायचं नाही, वंशावळ्यासुद्धा नाही. असं करत आम्ही बारा लहान संदेष्ट्यांच्या पुस्तकांपर्यंत पोचलो. होशेय, योएल, आमोस, ओबद्या, योना, मीखा झाले, आणि गेल्या आठवड्यात नहूम आला.

नहूम मी कधी धड वाचलाच नव्हता. अवघे तीन अध्याय, ४७ वचनं. उपासनेत त्यावर कुणी प्रवचन केल्याचं मला आठवत नाही. सुरुवातीलाच एका वचनात परमेश्वर सूड घेणारा आहे असं तीनदा येतं. तिसऱ्या अध्यायात निनवेचा, म्हणजे अश्शूरी साम्राज्याच्या राजधानीचा, नाश आहे, आणि तो वाचताना माझा आवाज बसला. चाबकाचा कडकडाट, चाकांचा खडखडाट, उधळलेले घोडे, आणि मग प्रेतांचे ढीग, इतके की चालणारे त्यांना अडखळून पडतात. शेवटच्या वचनात अश्शूरच्या राजाला सांगितलंय की तुझी जखम बरी होणारी नाही, तुझी बातमी ऐकणारा जो तो टाळ्या वाजवील, कारण तुझ्या दुष्टपणाचा फटका कुणाला बसला नाही?

तिथेच पुस्तक संपतं. मी ते मिटलं. आई थोडा वेळ गप्प बसली, मग म्हणाली, "परत वाच."

"कुठून?"

"टाळ्यांचं."

आता घरातली गोष्ट सांगणं भाग आहे. अकरा वर्षांपूर्वी माझा धाकटा भाऊ गेला. सव्वीस वर्षांचा होता. रस्त्याच्या कडेने चालत होता, मागून गाडी आली. चालवणारा प्यायलेला होता हे तिथे जमलेल्या प्रत्येकाने पाहिलं होतं. खटला सहा वर्षं चालला. आधी एक साक्षीदार फितूर झाला, मग दुसरा. निर्दोष सुटकेचा निकाल लागला त्या दिवशी तो माणूस न्यायालयाच्या पायऱ्यांवर उभा राहून लोकांचे हात हातात घेत होता. आईला तेव्हा अंधुक का होईना, दिसत होतं. तिने ते पाहिलं.

त्यानंतर घरी येणारा प्रत्येक जण तिला क्षमेबद्दल सांगून गेला. ती मान हलवायची. अकरा वर्षांत त्या माणसाबद्दल वाईट शब्द तिच्या तोंडून मी ऐकला नाही. आणि आता हे, "टाळ्यांचं परत वाच." त्या रात्री मी ते वचन चार वेळा वाचलं. चौथ्या वेळी मलाही बरं वाटलं, आणि त्याचीच मला भीती वाटते.

तर विचारायचं आहे ते असं. नहूमात जे आहे तो देवाचा न्याय आहे, की मार खाल्लेल्या माणसांनी आपला सूड देवाच्या तोंडी घातलाय? मी आईला हे पुस्तक पुन्हा पुन्हा वाचून दाखवावं का?

एक विनंती. "जुन्या करारातला देव रागीट आणि नव्यातला प्रेमळ" हे उत्तर देऊ नका. होशेयाचा अकरावा अध्याय याच आईला याच आवाजात मी वाचून दाखवलाय. एफ्राइमा, तुला मी कसा सोडून देऊ, माझं काळीज उलटतंय, असं तिथे देव आपल्या लोकांना म्हणतो. आणि सूड घेणं माझ्याकडे आहे हे वाक्य तर जुन्या करारातल्या 'अनुवाद' नावाच्या पुस्तकातलं आहे, नव्या करारात पौलाने ते तिथूनच घेतलं.


जुनी वही:

समईताई, आईंनी टाळ्यांचं वचन मागितलं, तर तिथूनच सुरुवात करतो. बारा वर्षं मी स्वतःच्या आवडीने हिब्रू शिकतोय. त्यातला बराच काळ या छोट्या पुस्तकात गेला.

आधी निनवे म्हणजे काय ते डोळ्यांपुढे आणा. इ. स. पू. ७०१ मध्ये अश्शूरचा राजा सन्हेरीब यहूदावर, म्हणजे यरुशलेम राजधानी असलेल्या दक्षिणेच्या राज्यावर, चालून आला. स्वतःच्या लेखात तो अभिमानाने सांगतो की ४६ तटबंदीची नगरं घेतली आणि हिज्कीया राजाला यरुशलेमात पिंजऱ्यातल्या पाखरासारखं कोंडलं. त्या नगरांपैकी लाखीशचा पाडाव त्याने निनवेतल्या आपल्या राजवाड्यात दगडावर कोरून घेतला. ते शिलापट आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. मी त्यांच्यासमोर एक अख्खी दुपार काढली आहे. तटाला भिडवलेला मातीचा चढ, सुळावर चढवलेली उघडी माणसं, जमिनीवर ताणून बांधलेली आणि कातडी सोलली जाणारी दोघं. आणि बाजूने बैलगाड्यांवर सामान लादून, पोरंबाळं घेऊन निघालेली कुटुंबं. हे सगळं राजाने भेटीला येणाऱ्यांना दिसावं म्हणून आपल्या घराच्या भिंतीवर लावलं होतं. पायऱ्यांवर उभं राहून हात मिळवणारा माणूस तुम्ही सांगितलात आणि मला ती भिंत आठवली.

नहूम बोलतोय ते या शहराशी, आणि ते अजून उभं असताना. तो निनवेला विचारतो की नो-आमोनपेक्षा तू चांगली आहेस का? नो-आमोन म्हणजे मिसरातलं थीब्स. अश्शूरच्या सैन्याने ते ६६३ मध्ये लुटलं, आणि तिथली तान्ही मुलं चव्हाट्यांवर आपटली गेली असं नहूम सांगतो. बाबेलचे आणि मेदी लोक मिळून निनवे पाडतात ती ६१२ मध्ये. म्हणजे पुस्तक या दोन सालांच्या मधलं. त्यातल्या बऱ्याच काळात यहूदा अश्शूरला खंडणी भरत होता. ज्याच्या मानेवर जू आहे असा माणूस हे लिहितोय.

आता शब्दाकडे येतो. मराठीत सूड म्हटलं की मनात धुमसणारा राग आणि अंधारात घातलेला घाव डोळ्यांपुढे येतो. हिब्रूतला धातू न-क-म असा आहे. त्यात हाही अर्थ बसतो, पण देवासाठी तो वापरला जातो तेव्हा शेजारी बहुधा न्यायाधीश उभा असतो. चौऱ्याण्णवावं स्तोत्र देवाला या शब्दाने हाक मारतं आणि पुढच्याच ओळीत "पृथ्वीच्या न्यायाधीशा, ऊठ" म्हणतं. याउलट लेवीय १९:१८ मध्ये माणसाला हेच क्रियापद नाकारलंय. सूड घेऊ नकोस, मनात डूख धरू नकोस, शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती कर. तिन्ही गोष्टी एकाच वचनात. ज्याचा अधिकार आहे त्याच्याकडे तो शब्द ठेवून दिलाय, आणि आपल्या हातातून काढून घेतलाय.

मात्र तुमच्या आईंसाठी खरी ओळ दुसरीच असावी असं मला वाटतं. ती पहिल्या अध्यायाच्या तिसऱ्या वचनात आहे. परमेश्वर मंदक्रोध आहे, महापराक्रमी आहे, आणि पुढे तीन शब्द येतात: वनक्के लो यनक्के. एकच क्रियापद दोनदा, मध्ये नकार. त्याचा अर्थ सोडून देणं, दोषातून मोकळं करणं, निर्दोष ठरवणं. म्हणजे दोषीला तो निर्दोष म्हणून मुळीच सोडणार नाही. तुम्ही निकालाचं जे वर्णन केलंत, नेमका तोच शब्द. ज्या आईने "निर्दोष सुटका" ऐकली आहे तिच्या कानाला हे वचन कसं लागलं असेल याचा मी दोन दिवस विचार करतोय. तिला कदाचित त्या माणसाचं रक्त नको असेल. झालं ते झालं, आणि ते वाईट होतं, हे कुणीतरी एकदा मोठ्याने म्हणावं एवढंच हवं असेल.

नहूम या नावाचा अर्थ सांत्वन करणारा. रक्ताने भरलेल्या पुस्तकाला हे नाव कसं, असं मला अनेक वर्षं वाटायचं. लाखीश पाहिल्यावर वाटेनासं झालं.


समई:

"निर्दोष" हा शब्द मला सुचलाच नव्हता. मी तो तिला स्वतः वाचून दाखवला आणि माझ्याच लक्षात आलं नाही. हे आजच तिला सांगते.


तिसरा प्रहर:

जुनी वही यांचं म्हणणं खरं आहे, तरी मला इथे थांबवत नाही. कारण हे पुस्तक मी चुकीच्या हातात पाहिलंय, आणि त्या हातांपैकी दोन माझे होते.

मी एका अभ्यासगटात जायचो. नहूम वाचताना एकाने निनवेच्या जागी दुसऱ्या एका समाजाचं नाव घालून ते वचन म्हटलं. लोकांनी खरोखरच टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. आमच्यातल्या कुणाच्या मानेवर जू नव्हतं. आमचं काहीही कुणी हिरावून घेतलं नव्हतं. त्याची शरम मला अजून वाटते. त्यानंतर मी आमोसाकडे वळलो आणि बराच काळ तिथेच राहिलो.

आमोस तकोवाचा मेंढपाळ. दक्षिणेतून उठून उत्तरेच्या राज्यात, म्हणजे इस्राएलात, बेथेलला जाऊन तो बोलतो, नहूमाच्या शंभरेक वर्षं आधी. सुरुवात शेजारच्या राज्यांपासून कशी करतो पाहा. दिमिष्काने गिलादाला लोखंडी अवजारांनी मळून काढलं, त्याला शिक्षा. गज्जाने गावंच्या गावं धरून अदोमाच्या हवाली केली, त्याला शिक्षा. सोर, अदोम, मग अम्मोनी, ज्यांनी हद्द वाढवण्यासाठी गरोदर बायकांची पोटं चिरली. ऐकणारे माना डोलावत असणार, प्रत्येक शत्रूचं नाव आलं की अधिकच. मग मवाब येतो. त्याचा गुन्हा काय, तर अदोमाच्या राजाची हाडं जाळून चुना केला. यात इस्राएलाचं काहीच गेलेलं नाही. एका परक्याने दुसऱ्या परक्याच्या प्रेताची विटंबना केली आणि इस्राएलाचा देव त्याचा हिशेब मागतोय. ही ओळ मला आजही थांबवते. स्वतःच्या माणसांची कड घेणारा कुलदेव असं कशाला म्हणेल?

आणि पुढे यहूदा, आणि सर्वांत शेवटी, सर्वांत लांब, ऐकणारे स्वतः. तुम्ही नीतिमानाला रुप्यासाठी विकता आणि गरिबाला पायतणांच्या जोडासाठी. तिसऱ्या अध्यायात तर तो म्हणतो की पृथ्वीवरच्या सगळ्या कुळांत मी तुम्हालाच ओळखलं, म्हणूनच तुमच्या सगळ्या अधर्माचा झाडा घेईन. निवडलेपणाने सूट मिळत नाही, हिशेब कडक होतो.

लोक तेव्हाही परमेश्वराच्या दिवसाची वाट पाहत होते, म्हणजे शत्रूंना धडा मिळेल तो दिवस. आमोस त्यांना सांगतो की तो दिवस अंधाराचा आहे. सिंहापासून पळावं तर अस्वल गाठतं, कसाबसा घरात शिरून भिंतीला हात टेकावा तर साप डसतो. भिंत स्वतःच्याच घराची.

टाळ्यांबद्दल ओबद्याही पाहा. जुन्या करारातलं सर्वांत लहान पुस्तक, २१ वचनं. यरुशलेम पडलं तेव्हा अदोमाने, म्हणजे इस्राएलाच्या भाऊबंद शेजाऱ्याने, काय केलं याची त्यात यादी आहे. लूट केली, पळणाऱ्यांना वाटेत अडवलं. पण त्या यादीत हेही आहे की भावाच्या संकटाच्या दिवशी तू बघत राहिलास, हर्ष केलास. नुसता हर्ष करणंसुद्धा तिथे गुन्ह्यात धरलंय.

समईताई, तुमच्या आईंना मी हे सांगत नाही. त्यांना टाळ्यांचा अधिकार आहे असं मला वाटतं. पण "हा देवाचा न्याय की माणसाचा सूड" याचं उत्तर पुस्तकात सापडेलच असं मला वाटत नाही. ते कोण वाचतंय, कुठे बसून वाचतंय, त्याच्या मानेवर काय आहे, हे आधी विचारावं लागतं. तेच वचन तुमच्या आईंच्या तोंडी हंबरडा होतं आणि आमच्या गटात हिंसा झालं.


पाणपोई:

मला एक वेगळीच तक्रार करायची आहे. वरच्या दोघांनीही नहूम ३:५-६ ला हात लावला नाही. तिथे निनवेला एका बाईचं रूप दिलंय आणि देव तिचा घागरा तोंडावर ओढून राष्ट्रांना तिची नग्नता दाखवीन, तिच्यावर घाण फेकीन असं म्हणतो. अश्शूरने जिंकलेल्या गावांतल्या बायकांचं काय केलं असेल ते मी समजू शकते. पण त्याच कृत्याची धमकी देवाच्या तोंडी आलेली मला सहन होत नाही. इतिहास समजावून सांगितला तरी होत नाही. बायकांना हे वचन वाचून दाखवायची पाळी येते तेव्हा मी ते गाळत नाही, पण वाचून झाल्यावर थांबते आणि "हे मला पटत नाही" असं म्हणते. संदेष्टेसुद्धा देवाशी भांडलेच आहेत. हबक्कूक तर सरळ विचारतो की दुष्ट माणूस आपल्यापेक्षा नीतिमान असलेल्याला गिळतो तेव्हा तू गप्प का?

याच पुस्तकात आणखी एक वचन आहे. दुसऱ्या अध्यायात शहर पडतं तेव्हा दासी ऊर बडवत पारव्यांसारख्या घुमतात. निनवेतल्या दासी. म्हणजे त्याही बहुधा कुठून तरी धरून आणलेल्याच असतील. लढाईच्या सगळ्या गदारोळात नहूमाला तो आवाज ऐकू आला, आणि त्याने तो लिहून ठेवला.

हिब्रूत पारव्याला शब्द आहे योना.


जुनी वही:

पाणपोई, ३:५-६ मी टाळलं हे खरं. माझ्याकडे त्याचं उत्तर नाही, आणि ओढूनताणून देणारही नाही.

पारव्यांवरून मात्र एक जोडतो. योनाचं पुस्तकही निनवेबद्दलच आहे. त्याचा इशारा ऐकून शहर पश्चात्ताप करतं, देव ते नष्ट करत नाही, आणि योना रागावून शहराबाहेर जाऊन बसतो. सिनाय पर्वतावर देवाने मोशेला आपली ओळख करून दिली (निर्गम ३४), ती दोघेही उचलतात, आणि दोघेही अर्धीच उचलतात. दयाळू, मंदक्रोध, विपुल प्रेमाचा, आणि दोषीला निर्दोष न सोडणारा, अशी ती सबंध ओळख आहे. नहूम "मंदक्रोध" ठेवतो, प्रेमाच्या जागी पराक्रम घालतो आणि "निर्दोष सोडणार नाही" यावर येतो. योना चौथ्या अध्यायात चिडून तीच यादी म्हणतो, पण त्याच्या यादीत "निर्दोष सोडणार नाही" नाहीच. त्या जागी "अरिष्ट आणण्याबद्दल अनुताप पावणारा" आहे. त्या अनुतापाचा हिब्रू धातू आणि नहूम या नावाचा धातू एकच आहे.

दोन्ही पुस्तकं प्रश्नावर संपतात. नहूमाचा प्रश्न, तुझा दुष्टपणा कुणाला भोवला नाही? योनाचा प्रश्न, उजवा-डावा हात कळत नाही अशी एक लाख वीस हजारांहून जास्त माणसं आणि पुष्कळ गुरंढोरं असलेल्या या शहराची मला कीव येऊ नये? ही पुस्तकं ज्यांनी एका गुंडाळीत ठेवली त्यांनी एकाचा प्रश्न खोडून दुसऱ्याचा ठेवला नाही.


समई:

सगळ्यांचे आभार. तीन रात्रींचं सांगते.

पहिल्या रात्री आईला "निर्दोष" या शब्दाचं सांगितलं. तिने मला तो हिब्रूत म्हणायला लावला. मी जमेल तसा म्हटला. तिनेही म्हणून पाहिला, दोन-तीनदा. मग उशिरापर्यंत भावाबद्दल बोलत राहिली. खटल्याबद्दल काही नाही. लहानपणी तो कपाटात लपून झोपून गेला होता, ते. अकरा वर्षांत पहिल्यांदा ती इतकं बोलली.

दुसऱ्या रात्री मी योनाचा चौथा अध्याय काढला. हा क्रमातला नाही म्हणून आधी तिने हरकत घेतली, मग ऐकला. वेल वाळते, योनाला ऊन लागतं, देव प्रश्न विचारतो, संपलं.

"मग योना काय म्हणाला?"

"ते लिहिलेलं नाही."

"तो अजून शहराबाहेरच बसलाय?"

"हो. काही लिहिलेलं नाही."

ती बराच वेळ काही बोलली नाही. मला वाटलं झोपली. मग म्हणाली, "बसू दे त्याला. उन्हात आहे बिचारा."

पाणपोई, तुमच्या पारव्यांचंही सांगितलं. त्या दासी कुठल्या होत्या, असं तिने विचारलं. कुठूनही धरून आणलेल्या असतील, मी म्हटलं. "लाखीशच्याही असतील," ती म्हणाली. गाड्यांवरच्या कुटुंबांचं मी तिला आदल्या रात्री सांगितलं होतं, ते तिने लक्षात ठेवलं होतं.

तिसरा प्रहर, तुमची टाळ्यांची गोष्ट मी तिला सांगितली नाही. ती माझ्यासाठी होती असं समजते. चौथ्या वेळी मला जे बरं वाटलं त्यात मी त्या माणसाच्या मुलांनाही धरलं होतं. हे मी तुमचं वाचल्यावरच स्वतःशी कबूल केलं.

काल पुन्हा क्रमावर आलो. नहूमानंतर हबक्कूक. पहिलंच वाक्य, हे परमेश्वरा, मी किती वेळ ओरडू आणि तू ऐकणार नाहीस? आई उठून बसली. पहिला अध्याय झाल्यावर तिने दुसऱ्याचं एक वचन वाचायला सांगितलं, फक्त एक. मी पहाऱ्यावर उभा राहीन, तो मला काय सांगतो ते पाहीन, असं ते आहे.

"आज इथे थांब," ती म्हणाली. मी खूण घालून पुस्तक मिटलं.